खोडदला जाणाऱ्या गोधडीची नक्षी

जुन्नर,
दिवाळीच्या आधीचा बुधवार

तीर्थस्वरूप लंकाआत्याच्या पायांवर (गुडघा अजून सुजलेला असेल तर लांबूनच) भाचा सार्थक याचा दंडवत.

तुझी तब्येत कशी आहे? भात काढून झालं, का वरचं खाचर अजून उभंच आहे? फोन न करता पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस. तुमच्या वाडीत रेंज येते ती फक्त टेकडीवरच्या आंब्याखाली, आणि तिथं उभी राहून तू एकदा "कोण पोरगी?" म्हणून ओरडलीस की डिंभ्याच्या धरणापर्यंत बातमी जाते. म्हणून पत्र. (भागूवहिनी, हे तूच आत्याला वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. कंसातला मजकूर तुझ्यापुरता ठेव. हसू आलं तर खोकल्यासारखं कर.) मी खुशाल आहे. म्हणजे जेवतो, झोपतो आणि कुणाशी भांडत नाही. यातलं शेवटचं वाचून तुला काळजी वाटेल, पण खरं आहे.

कॉलेज सोडून मी काय करतो असं तू विचारलं होतंस. जुन्नरच्या बाजारात दिलावरचाचांचं गादी-रजईचं दुकान आहे, तिथं मी मशीन शिकतो. कॉलेज का सुटलं ते तुझ्या भावाने, म्हणजे आमच्या दादांनी, तुला त्यांच्या पद्धतीने सांगितलंच असेल. खरं असं, की नूतनच्या स्कूटीची हवा कुणीतरी सोडली म्हणून मी एकाची गचांडी धरली आणि मग टायरमध्ये बाभळीचा काटा निघाला. कॉलेजवाले त्याची माफी माग म्हणाले. मी म्हणालो, काट्याची मागतो, याची मागणार नाही. तिथं विषय संपला. आता नूतन कोण, हे सांगणं आलं. (वहिनी, इथून जरा हळू.)

नूतन वारूळवाडीची. वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची, त्यामुळे मला अर्थशास्त्र कमी आणि तिची वेणी जास्त पाठ झाली. ती एका दुपारी दुकानात आली ती ठिगळं जोडून केलेलं चादरीएवढं कापड घेऊन. जन्मात पहिल्यांदा जोडलेलं. आजोबांचं धोतर, आईची पातळं, भावाची शाळेची खाकी चड्डी, सगळ्याचे चौकोन कापून मोबाईलवर बघून जोडले होते. एक चौकोन दुसऱ्याला भेटायला निघाला आणि वाटेतच बसला, अशी त्यांची गत. मी म्हणालो, लई सुंदर. चाचा म्हणाले, बेटी, वाकडी आहे पण मजबूत आहे. आता तिच्यात जुनी लुगडी भरायची, खाली अस्तर लावायचं आणि वरून मशीनची टीप मारायची, एवढंच राहिलं होतं. टिपेची नक्षी कोणती, हे तिने सांगायचं होतं. चाचांनी तिच्याआधीच सांगून टाकलं: जोडणारी नवी, टीप मारणारा नवा, तर गुमान सरळ रेघा मार आणि मोकळा हो.

आता आत्या, सरळ रेघा म्हणजे एका दुपारचं काम. दुपार संपली की गोधडी तिच्या घरी आणि मी गाद्यांमध्ये. म्हणून मी खडूने सरळ रेघा आखल्या आणि तिला म्हणालो, हे नांगरलेल्या वावरासारखं दिसतंय, विचार करून ये. ती आली तेव्हा मी शंकरपाळी आखून ठेवली होती. ती मीच नापास केली. तिरकं कापड ताणलं जातं, असं चाचांचं ऐकलेलं वाक्य माझं म्हणून सांगितलं. मग लाटा काढल्या. मग वेल काढला, आणि त्याची पानं एवढी मोठी झाली की तिनेच विचारलं, ही केळ आहे का? प्रत्येक वेळी मी फडक्याने खडू पुसायचो आणि ती गादीच्या कापडाच्या ताग्यावर बसून पेरू खात माझ्याशी बोलायची. कॉलेजचं, पावसाचं, भावाच्या दहावीचं. चाचा म्हणायचे, अरे नालायका, अशानं गोधडी शिवायच्या आधीच झिजेल. मी मनात धरून चाललो होतो की ती नक्षीसाठी येत नाही. हे माझं खरं निघालं, पण मला हवं तसं नाही.

एक दिवस ती मोटरसायकलवर मागे बसून आली. पुढे बसलेला खोडदचा. त्याचं नाव मी लिहिणार नाही. तुळशीचं लग्न लागलं की लगेच यांचं आहे. मी बाह्या सरसावून तयार होतो, की हा काहीतरी मग्रूर बोलेल आणि मी त्याला रुईच्या गोणीत कोंबीन. पण त्या माणसाने दारात चपला काढल्या. आमच्या दुकानात पसरलेल्या गादीवर कुणी गिऱ्हाईक चपला काढून येत नाही, चाचांचा मेव्हणासुद्धा नाही. आणि मला म्हणाला, घाई नाही दादा, तुमचं शिकणं निवांत होऊ द्या. दादा म्हणाला. आत्या, राग यायलासुद्धा समोरच्याची काहीतरी चूक लागते. मी खूप शोधली.

तो चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा नूतन खडू उचलून म्हणाली, "तू आखतोस आणि पुसतोस, ते मला कळत नव्हतं असं नाय. घरी सगळी लग्नाचंच बोलतात. इथं कुणी बोलत नव्हतं, म्हणून मी येत व्हते. आता सरळ रेघा मार, सार्थक."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चहा मात्र प्यायलो. साखर बरोबर होती, तिथंही काही सापडलं नाही.

ती दोघं गेल्यावर मी लुगडी भरली, अस्तर लावलं आणि लगेच मशीनवर बसलो. चाचा ओरडत होते की मधोमध पहिली रेघ मार आणि तिथून बाहेर जा. पण मला त्या वेळी कुणाचंच ऐकायचं नव्हतं. रेघा सरळच मारल्या, पण मला तुझी पद्धत आठवली: कडेपासून सुरुवात, चौकोनात चौकोन, फिरत फिरत आत. तू गोधडीवर बसून तळहाताने सुरकुती पुढे सारतेस, मग टाका घालतेस. मशीनला तळहात नसतो. तिचे दात खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं, आणि मागे राहिलेलं सगळं आत आत गोळा होत जातं. शेवटच्या चौकोनाला पोचलो तेव्हा गोधडीच्या मधोमध पावाएवढा फुगा उभा होता. चाचांनी त्यावर हात ठेवला, दाबला, तो बाजूला सरकला आणि परत वर आला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

असो. माझं काही मागणं नाही, फक्त तुझी आठवण आली. गुडघ्याला निर्गुडीचा शेक देत जा. भाऊला नमस्कार, वहिनीला नमस्कार, गाईला वासरू झालं असेल तर कळव.

तुझा,
सार्थक

ता. क. पत्राबरोबरचं गाठोडं मुक्कामाच्या एसटीचे कंडक्टर सावळाराममामा देतील. त्यात गोधडी आहे. तेवढा फुगा उसव आणि मधला चौकोन तुझ्या हाताने शीव. चाचा मशीनवर सारखी करून देत होते, मी करू दिली नाही. झाली की परस्पर वारूळवाडीला पाठव. मी पोचवायला जाणार नाही.

ता. क. दुसरा. फुगा निम्माच टिपेचा आहे. उसवलंस की आत लुगड्यांमध्ये माझा कॉलेजचा निळा शर्ट निघेल, घडी करून ठेवलेला. टीप मारायच्या आधी मीच सारला होता. (वहिनी, हे मात्र वाच. आणि खोकू नकोस.) तो काढून घे, भाऊला शेतात घालायला होईल, बटणं सगळी शाबूत आहेत. आणि तो काढशील तिथं तुझ्या एखाद्या मऊ लुगड्याचा तुकडा भर. जागा रिकामी ठेवू नकोस, खोडदच्या माळावर थंडी लई असते.