ढिगावर कोणाचा तरी डोळा आहे

४ फेब्रुवारी

शाळेत दोघी-दोघींना मिळून एक वाफा असायचा. माझ्या वाट्याला माझ्याच बाकावरची चिमणी आली होती. मधल्या सुट्टीत आम्ही एकच झारी दोन्ही बाजूंनी धरून नळापासून वाफ्यापर्यंत आणायचो. अर्धं पाणी आमच्या मोज्यांत. सिस्टर व्हरांड्यातून ओरडायच्या, पाणी रोपांना घाला मुलींनो, बुटांना नको! अर्धा वाफा माझा, अर्धा तिचा. मी बिया पेरल्या आणि कोंब आला का ते रोज उकरून पाहिलं. काळजी घ्यायची म्हणजे अशी. माझ्या बाजूला फुलं इतकी आली की 'बेस्ट गार्डनर'चा बॅज मला मिळाला. चिमणीला काही मिळालं नाही. टाळ्या मात्र तिनेच सगळ्यांत जास्त वाजवल्या.

इतकी वर्षं वाटायचं, मनापासून वाजवल्या. आता शंका येते.

म्हणून ही वही. आमच्या हिरवी गल्ली मंडळात काहीतरी शिजतंय. खत सोडून सगळं शिजतंय.

अध्यक्ष मी. चिमणी उपाध्यक्ष. गल्लीतला ओला कचरा गल्लीतच जिरवायचा, फाटलेलं शिवायचं, मोडलेलं जोडायचं, हे आमचं काम. पंपाच्या खोलीमागचा कोपरा नगर कार्यालयाने आम्हाला तात्पुरता दिलाय. मार्चमध्ये खुल्या दिवशी, सगळ्या गल्लीसमोर, अधिकारीबाई येऊन खत बघणार. खत झालं तर कोपरा आमचा. नाही झालं तर गाड्या लावायला.

आज गेले तर चिमणी आणि पोस्टमास्तर (निवृत्त, पण चालणं अजून टपाल वाटल्यासारखं) खताच्या पेटीजवळ कुजबुजत होते. मला पाहून गप्प. पोस्टमास्तर म्हणाले, या वहिनी, हवा छान आहे नाही? हवेबद्दल कोणी कुजबुजतं का?

निश्चय: बोलायचं नाही. फक्त लक्ष ठेवायचं.

सगळे गेल्यावर नेहमीप्रमाणे पेटीतल्या ढिगावर थोडं फिनाइल शिंपडलं. हे मी कोणाला सांगत नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं, असं सिस्टर म्हणायच्या. शिवाय आपल्या मंडळाच्या कचऱ्याला कचऱ्यासारखा वास यावा, हे बरं दिसत नाही.

९ फेब्रुवारी

ढीग थंड. विसरलेल्या चहासारखा. तो आतून गरम व्हायला हवा म्हणे. पोस्टमास्तरांनी हात घालून पाहिला आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात म्हणाले, वहिनी, यात जीव वाटत नाही.

चिमणीने माझ्याकडे न बघता विचारलं, अगं, यात काही घालतेस का तू? मी म्हटलं, मी कशाला काय घालीन? शिंपडणं म्हणजे घालणं नव्हे. प्रश्न असा की तिला असं विचारायचं सुचलं कसं? चोराच्या मनात चांदणं.

घरी सूनबाई म्हणाली, आई, बाथरूमचं फिनाइल इतक्या लवकर कसं संपतं हो? म्हटलं, मलाही तेच नवल वाटतंय, घरातसुद्धा लक्ष ठेवायला हवं. हे पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे पाहत राहिले. यांचाही भरवसा नाही.

१३ फेब्रुवारी

मंडळाने गांडुळं आणली. तरतरीत, गुलाबी. माझ्या हातांनी सोडली. त्यांना नवी जागा स्वच्छ मिळावी म्हणून संध्याकाळी जरा सढळ हाताने शिंपडलं.

१४ फेब्रुवारी

गांडुळं गायब! उकरून पाहिलं. एक नाही.

पोस्टमास्तर रविवारी तळ्यावर गळ टाकून बसतात. आणखी काय पुरावा हवा?

१७ फेब्रुवारी

सभा. मी आडून विचारलं, की काही सभासदांना मंडळाची मालमत्ता आमिष म्हणून वापरायची सवय आहे का. मग पोस्टमास्तर म्हणाले, वहिनी, मी कणकेच्या गोळ्या लावतो हो. आणि मासा अजून लागलेला नाही, तेव्हा माझ्यामुळे जगात कोणाचंच नुकसान नाही. सगळे हसले. चिमणी सगळ्यांत जास्त. तेच ते, टाळ्या वाजवल्यासारखं.

तिला माझी खुर्ची हवी आहे. वर वर गोड बोलायचं आणि आतून पोखरायचं. बाकावर शेजारी बसून माझ्या पेन्सिलचं टोकसुद्धा तीच करून द्यायची. तेव्हापासून तयारी असणार.

निश्चय: चिमणीशी कामापुरतंच बोलणं.

१८ फेब्रुवारी

निश्चय मोडला. तिच्याकडे गेले होते, पण फक्त टेहळणीसाठी. चहा घेतला, कारण न घेतला तर तिला संशय आला असता.

२४ फेब्रुवारी

नवी बाब. लोक आपल्या बादल्या माझ्या पेटीत जेमतेम रिकाम्या करतात. तळाशी चार सालं. मग गल्लीतला बाकी कचरा जातो कुठे? आज चिमणी झाकलेली बादली घेऊन जुन्या गॅरेजमागे जाताना दिसली. हाक मारली तर म्हणाली, अगं, पाय मोकळे करतेय. बादली घेऊन?

पाठलाग करणार होते, पण गुडघा. म्हणून यांना पाठवलं. हे बऱ्याच वेळाने परतले ते ओठांना बिस्किटाचा चुरा लावून. म्हणाले, काही विशेष नाही, तुझी मैत्रीण फार भली बाई आहे. म्हणजे यांनाही फितवलं. तेसुद्धा बिस्किटावर.

८ मार्च

उद्या खुला दिवस. ढिगाचं झाकण मी उघडलेलंच नाही. काय दिसायचं ते सगळ्यांसमोर दिसू दे. खत नसलं तर ते का नाही, कोणामुळे नाही, हे मी माइकवरून सांगणार आहे. कोपरा गेला तरी चालेल, सत्य राहिलं पाहिजे. (कोपरा जाऊ नये. मला त्या कोपऱ्याशिवाय संध्याकाळी जायला दुसरी जागा नाही.)

पाहुणे येणार म्हणून आज झाकणाच्या फटीतून अख्खी बाटली.

९ मार्च

काय लिहू! विजय!

अधिकारीबाई आल्या. मी स्वेटरला शाळेचा बॅज लावला होता. पोस्टमास्तर आज वाकडे चालत होते. मनात पाप असलेल्या माणसाला ताठ चालता येत नाही. मी झाकण उचललं, आणि आत काळंभोर, भुसभुशीत खत! वाफ निघत होती त्यातून. अधिकारीबाईंनी मूठभर उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, पाऊस पडून गेल्यावरच्या बागेसारखा वास आहे, कोपरा तुमचाच.

मला भरून आलं. माइक हातात होताच. म्हटलं, मंडळात काही अस्तनीतले निखारे असूनही हे घडलं, आणि त्याचं गुपित आज मी सांगणार आहे. रोज संध्याकाळी, कोणाला न सांगता, मी स्वतः या ढिगावर फिनाइल शिंपडते.

टाळ्या पडल्या नाहीत.

अधिकारीबाईंच्या हातातलं खत हातातच राहिलं. फिनाइल? म्हणाल्या. मग हे झालं कसं? तेवढ्यात चिमणी पुढे आली आणि मोठ्याने हसत म्हणाली, हिची थट्टा करायची सवयच आहे हो बाई, शाळेतसुद्धा सिस्टरना अशीच हसवायची! अधिकारीबाई हसल्या. मग सगळेच हसले.

मी सिस्टरना कधीही हसवलेलं नाही.

१० मार्च

गुडघा दुखत असूनही गॅरेजमागे गेले.

तिथे चार पेट्या. तीन भरलेल्या. हात घातला तर ऊब लागली. एका पेटीत गुलाबी गांडुळं, अगदी सुखात. चौथी रिकामी होती आणि तिच्या कडेवर चिमणी बसली होती, जणू माझीच वाट पाहत.

विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, खताला दवाखान्याचा वास यायला लागला तेव्हापासून. काल पहाटे चौघांनी मिळून तुझी पेटी उपसली आणि इथलं खत तिच्यात भरलं. त्यात पोस्टमास्तरांची कंबर धरली.

मला राग यायला हवा होता. म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, विचारलं होतं ना, काही घालतेस का म्हणून. तू इतकी ताठ उभी राहिलीस की पुढे बोलवेना. मग म्हणाली, आणि शाळेत तरी कुठे सांगितलं होतं?

काय सांगितलं नव्हतं?

तेव्हा तिच्याकडून कळलं. रोज उकरलेलं बी उगवत नाही. सिस्टर बघायला येणार त्या सकाळी चिमणी लवकर आली होती. आपल्या बाजूची फुललेली रोपं उपटून माझ्या बाजूला लावून ठेवली होती.

मी म्हटलं, अगं, पण का? ती म्हणाली, तू इतकी खूश असायचीस गं त्या वाफ्यावर.

मग आम्ही बराच वेळ बसलो. ती मला ढीग खालीवर करायला शिकवत होती. मला येत होतं, पण शिकू दिलं.

११ मार्च

प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपद सोडत आहे. गुडघा. दुसरं कारण नाही, आणि कोणी विचारलं तरी दुसरं सांगू नये.

खुर्ची चिमणीला. नको म्हणेल, तरी बसवावं. हातमोजे पोस्टमास्तरांना, सोबत कमरेला लावायचं मलमही. मलम माझ्याकडून आलंय हे सांगायची गरज नाही, त्यांना कळेल. फिनाइल सूनबाईला, आता पुरेल. भाषणाचे कागद गॅरेजमागच्या ढिगात. शाई चालते म्हणे, यांनी विचारून ठेवलंय. यांना चिमणीकडे बिस्किटं खायची परवानगी, मीही सोबत असेन तर. लक्ष ठेवायला.

बॅज चिमणीला. आधी पुसून द्यावा.

साध्या पाण्याने.