सोपानचा पत्रा आणि माझा तक्ता

सोम., ७ जुलै
ठाण्याच्या कंट्रोल रूममध्ये नवी खुर्ची. पठारावरच्या पवनचक्क्या उद्या किती वीज देतील ते आजच सांगायचं, दर पंधरा मिनिटांचं. वारा पडला तर धरणाच्या पाण्यावरची मशीन तयार हवी. शिफ्टप्रमुख कांबळेसाहेब (३१ला रिटायर) माझा अंदाजाचा तक्ता बघतात, आणि फोन लावतात पठारावरच्या चहावाल्याला! "काय सोपानराव, टपरीचा पत्रा वाजतोय का?" मी इंजिनिअर, समोर तीन स्क्रीन, निर्णय पत्र्यावर. डोकं फिरलं.

गुरु., १०
साहेब म्हणाले, "जाण्याआधी एक शिफ्ट सोपानला न विचारता तुझ्या तक्त्यावर चालवली, तर तू पास." मला तेवढंच हवंय. नाहीतर ते गेल्यावर कोण विचारतो माझा तक्ता.
ठाकुर्लीला घरी आले. आईला म्हटलं, उद्या दुपारी वारा आहे, कपडे गच्चीत टाक. तिने शेजारच्या काकूंना विचारून खात्री केली! घरोघरी मातीच्या चुली.

मंगळ., १५
फजिती. तक्त्यात दुपारी भन्नाट वारा, म्हणून भरपूर वीज. सकाळी साहेब फोनवर, "वाजत नाही? बरं, बरं." मनात म्हटलं, हरला सोपान!
दुपारी वारा आला, अगदी माझ्या वेळेला. आणि वीज धाडकन खाली. वारा इतका की चक्क्या स्वतःला वाचवायला आपोआप थांबल्या. साहेबांनी धरणाची मशीन आधीच तयार ठेवलेली. ठाणे-कल्याणात पंखासुद्धा थांबला नाही.
"कसं कळलं?"
"पत्रा वाजत नाही, कारण त्याने तो दोरखंडाने बांधलाय. सोपान पत्रा बांधतो, त्या दिवशी चक्क्या थांबतात."
लाज वाटली. हसूही आवरेना.

शुक्र., १८
तक्त्यात अतिवाऱ्याचा हिशोब घातला. शिवाय नवा रकाना: 'पत्रा'. सोपानला मीच फोन केलेला. "ताई, चहाला कधी येताय?" रकाना बघून साहेबांना हसून हसून ठसका.

गुरु., ३१
साहेबांचा शेवटचा दिवस. शाल, पेढे. सकाळपासून फोन खिशातच. "आज तुझा तक्ता." डोळे भरून आले.
तक्ता म्हणतो, चारला वारा पडणार. साडेतीनला सोपानचाच फोन, मला. "ताई, पत्रा लई वाजतोय!"
साहेब: "काय म्हणतो?"
"जोरात वाजतोय म्हणतो."
"मग?"
"तक्ता म्हणतो, चारला पडणार. धरणाला मशीन सुरू करायला सांगा."
त्यांनी धरणाला फोन लावला.
आता चारला पाच कमी. साहेब पेढा हातात धरून स्क्रीनकडे बघतायत. वारा अजून आहे.