अर्धी पियाली

१२ जानेवारी, बिश्केक
सविनय तक्रार! कुणाकडे करायची, ते ठाऊक नाही. एकोणीस वर्षं या देशात राहतोय, पण आजवर मला कुणी पियाली भरून चहा दिलेला नाही. आमच्या रक्ततपासणी केंद्रात चहा ओततात त्या बुरुल-एजे, सगळ्यांच्या थोरल्या ताई. त्याही अर्धीच ओततात. रीत ठाऊक आहे: अर्धी म्हणजे बसा, पुन्हा ओतू, काठोकाठ म्हणजे प्या आणि निघा. आदर शिरोधार्य! पण घशाला आदर पुरत नाही.

१३ जानेवारी
मेलिससाहेबांनी बोलावलं. केंद्राचे संचालक; मी इथला सर्व्हर सांभाळतो.
“सदा, सर्व्हरची नवी आवृत्ती आली. तुझे ते मेमरीचे आकडे काढून टाक. एकच आकडा द्यायचा, मग सर्व्हर आपली मेमरी आपणच वाटून घेतो म्हणे.”
माझे आकडे! शोधाशोधीला किती, क्रम लावायला किती, एकेका दवाखान्याच्या जोडणीला किती — बारा वर्षं कुरवाळून जुळवलेले. प्रत्येकापुढे देवनागरीत शेरा; साहेब त्याला मंत्र म्हणतात. तो या इमारतीत मी एकटाच वाचू शकतो. (हा योगायोग नव्हे.)
“बरं,” म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१४ जानेवारी
मी बेताचा आकडा सुचवला. साहेब उखडले — “पाहुण्याला हात आखडून वाढतोस? आमच्यात असं चालत नाही. मशीनची सगळी मेमरी दे त्याला!”
दिली. दुपारच्या आत सर्व्हर आडवा! खाली अहवालांसाठी रांग, वर फोनवर फोन.
बुरुल-एजे दारातूनच — “अहो, मशीनला स्वतःला श्वास घ्यायला काही ठेवलंत का? भरली पियाली हातात दिलीत, तो बिचारा उठून गेला!”
साहेबसुद्धा हसले. मग हळूच म्हणाले, “जरा रिकामी ठेव रे.”

१५ जानेवारी
पाऊण मेमरी दिली. चालला. माझ्या बारा वर्षांत चालला नव्हता इतका सुरळीत! आकडा मुद्दाम चुकवता आला असता. हात धजला नाही. वाईट काम जमत नाही, हा जुना आजार.

१६ जानेवारी
तक्रारीचा एकही फोन नाही.

१९ जानेवारी
आजही नाही. साहेब डोकावले — “काय सदा, आता दिवसभर मंत्र म्हणतोस की काय?”
“मंत्रांनाही काही कारण लागतं, साहेब.”
हसले. बाहेर गेल्यावर बुरुल-एजेंना विचारत होते — “याचा करार मार्चात संपतो ना?”
त्या काय म्हणाल्या, ऐकू आलं नाही.

२१ जानेवारी
बुरुल-एजेंनी आज माझी पियाली काठोकाठ भरली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “साहेबांनी मला सांगायला सांगितलंय, सदा. तोंडानं सांगवेना.”
सावकाश प्यायलो. सांडू दिला नाही.
भीती वाटते. राहण्याचा परवाना या नोकरीवर आहे. आणि परत जायला माझं दुसरं घर उरलेलं नाही.