चौथ्या मजल्यावरची सुट्टी

बुधवार, ११ मार्च
सकाळी साडेसात

प्रिय,

पुढे काय लिहावं, इथेच गाडी अडली. एकतीस वर्षं तुला नुसतं 'अगं' म्हणत आलो. 'प्रिय अगं' असं लिहूनही बघितलं, पण ते तुझी चेष्टा केल्यासारखं दिसायला लागलं. कागद फाडला. तेव्हा एवढ्यावर भागवून घे.

तुझी तब्येत बरी असेल. दादाला आणि वहिनींना नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. दूध दोनदा उतू गेलं, पण शेगडी पुसून ठेवली आहे. लेकीचा फोन येऊन गेला. तिला म्हटलं, आई मामाकडे आरामाला गेली आहे. तर म्हणाली, "बाबा, आरामाला म्हणूनच तर तुम्ही दोघं हॉटेलात गेला होतात ना?" मी विषय बदलला. पोरीने तो बदलू दिला, पण तिला कळायचं ते कळलंय.

तू माझा फोन उचलत नाहीस. बरोबरच आहे. उचलला असतास तरी मी पुन्हा तेच म्हटलं असतं, की काय करणार, लिफ्टच बंद पडली. म्हणून पत्र.

काल दादा फोनवर म्हणाला, "अरे, तिचा राग निवळतोय. म्हणत होती, तो कामाचा किडाच आहे, लिफ्ट बंद पडली की धावणारच, त्याला किती बोलायचं." मी हो हो म्हणून फोन ठेवला. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाढून घेतलेलं पान तसंच झाकून ठेवलं. तू मला माफ करायला निघाली आहेस, आणि ती माफी मी फसवून घेतोय. तेव्हा आधी सगळं ऐक, मग काय ते ठरव.

समोरचे मास्तर आणि त्यांच्या बाई परदेशातून आले आणि आपल्याला दोन तास फोटो दाखवत बसले, तो दिवस आठव. घरी आल्यावर मी विचारलं, "तुलाही जायचंय का असं कुठे?" तू चपला काढता काढता म्हणालीस, "बर्फ बघायला इतक्या लांब कशाला? मला फक्त अशा ठिकाणी जायचंय, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. बाजारात जावं तर कुणीतरी आडवं येतं, साहेब, आमची लिफ्ट झटके देते. लग्नाला जावं तर नवरानवरी एकीकडे आणि तुम्ही हॉलच्या लिफ्टपाशी. परदेशात निदान ओळख तरी नसते." मी हसलो. तू हसली नव्हतीस.

कंपनी मला आठ दिवसांपेक्षा जास्त सोडणार नव्हती. म्हणून मीच बढाई मारली, की इथल्या इथे परदेशाच्या तोंडात मारेल अशी सुट्टी काढू. शहराच्या दुसऱ्या टोकाचं हॉटेल, चौथा मजला, खिडकीतून तळं, फोन बंद करून बॅगेत. तू नवी चादर घेतल्यासारखी खूश झालीस.

पहिल्या दिवशी लिफ्टने वर जाताना सवयीने माझा तळहात तिच्या भिंतीवर गेला. कुठे थरथर आहे ती तशीच कळते. तू तो हात काढून आपल्या हातात घेतलास. म्हणालीस, "आज रुग्ण तपासायचे नाहीत." आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला, आठवतंय ना, पावाला लोणी लावता लावता म्हणालीस, "किती बरं वाटतं हो! इथे तुम्हाला कुत्रंसुद्धा ओळखत नाही."

अगं, तिथे मला सगळे ओळखतात. त्या हॉटेलची लिफ्ट चौदा वर्षं मीच बघतो. दारावरच्या पहारेकऱ्याला माझ्या गुडघ्याचं दुखणं माहीत आहे. आपण आत शिरलो तेव्हा तो सलाम ठोकणार होता, मी त्याला डोळ्यांनी दटावलं. काउंटरवरची मुलगी माझं नाव-गाव विचारत होती, तेव्हा हसू दाबून दाबून तिचे कान लाल झाले होते. मॅनेजरने सगळ्यांना ताकीद दिली होती, कारण तशी मी त्याला दिली होती. तू लोणी लावत होतीस आणि मागे उभा असलेला वेटर छताकडे बघत होता.

आता पुढचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर दार वाजवून म्हणाला, "माफ करा हं, नोंदवहीत तुमचा धंदा वाचला. आमची लिफ्ट अडकली आहे, जरा बघता का?" तेही ठरलेलं होतं. लिफ्टचे जुने दोर बदलायचे होते. दोन दिवसांचं काम. ते मीच त्या आठवड्यात लावून घेतलं होतं. मी "अर्ध्या तासात येतो" म्हटलं आणि संध्याकाळी काळ्या हातांनी परत आलो. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही दिवस तू एकटी जेवलीस. पाचव्या दिवशी सकाळी तू बॅग भरलीस आणि मी मात्र तोंड पाडून उभा राहिलो, जणू लिफ्टनेच माझा घात केला.

का केलं असं? हे स्वतःशी कबूल करायला मला चार दिवस लागले.

मागच्या वर्षी मला ताप आला होता. पाच दिवस घरी होतो. तिसऱ्या दिवशी तू चहाचा कप ठेवत विचारलंस, "उद्या जाल ना कामावर?" तू सहज विचारलं असशील. माझ्या काळजीनेही विचारलं असशील. पण मला ते लागलं. मला वाटलं, हिला तीन दिवसांत माझा कंटाळा आला. लेक सासरी गेल्यापासून आपण बोलतो तरी काय? भाजी काय आणू, लेकीचा फोन आला का, अमक्या इमारतीत कोण अडकलं. आठ दिवस समोरासमोर बसलो, तर तिसऱ्या दिवशी तुझ्या तोंडावर तोच प्रश्न दिसेल, याची मला धास्ती बसली. म्हणून आधीच पळायची वाट करून ठेवली. सुट्टीच्या नावाखाली मी तुला माझ्या कामावर घेऊन गेलो, आणि वर तुला परदेशात आल्याचं भासवलं. लाज वाटते. कामाचा किडा बिडा काही नाही. भित्रा आहे मी.

परवा एका इमारतीत एक म्हातारं जोडपं लिफ्टमध्ये अडकलं. पाऊण तास आत. दार उघडताना मी शिव्या खायच्या तयारीत होतो. तर दोघं खाली फरशीवर बसलेली, आणि कुठल्या तरी जुन्या पुराण्या गोष्टीवरून कडाकडा भांडत होती. आजोबा मला म्हणाले, "दोन मिनिटं थांबा हो, हिला अजून पटलेलं नाही." आजी म्हणाल्या, "पटणारही नाही. लावा दार!" मी खरंच दार धरून उभा राहिलो. हसायला आलं, आणि मग आपण दोघं आठवलो. आपण दोघं शेवटचं असं कधी भांडलो? तू तोंड उघडतेस, माझा फोन वाजतो, मी पिशवी उचलतो आणि सुटतो. परत येतो तेव्हा तू झोपलेली असतेस. किती भांडणं तू अशी अर्धी गिळली असशील!

तेव्हा आता ऐक. सुट्टी कशाला म्हणायचं हे मला कळलंय असा आव आणत नाही. परदेशात नेलं असतं तरी मी तिथेही एखादी लिफ्ट शोधलीच असती. यंदा मी नेणारच नाही कुठे. राहिलेली रजा मागून घेतली आहे. रविवारी अकराच्या बसने येतो. फोन घरीच ठेवून. येऊ नका असं म्हणायचं असेल, तर ते शनिवारपर्यंत कळव.

दादाच्या घरासमोर रस्त्यापलीकडे बाक आहे, तिथे बसेन. परतीची बस पाचला. वर बोलावलंस तर येईन, पण माझी इच्छा विचारशील तर तू खाली ये. दादा-वहिनींसमोर तू मला धड बोलायची नाहीस, सांभाळून घेशील, आणि मला ते नको आहे. काय बोलायचं ते सगळं बोल. त्या हॉटेलाबद्दल, त्या दोन जेवणांबद्दल, आणि त्याच्या आधीच्या सगळ्या वर्षांबद्दल. मी उठून जाणार नाही. गप्प बसायची वेळ आली तर गप्पही बसू. मला तीच भीती आहे, ती गेलेली नाही.

तरी येतो.

तुझा नवरा