मुठीचं पीठ

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझा राग येतो मला. काल चर्चच्या मंडळीतल्या एका मुलीनं विचारलं, "तुमच्या लहानपणी बायका सेवा कशी करायच्या?" मी तोंडभरून तुझं कौतुक केलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

कौतुक करण्यासारखंच होतं म्हणा. नगरकडचं गाव सोडून आपण पिंपरीला आलो तेव्हा रुळांपलीकडे पत्र्याची एक खोली, वडील, आपले दादा, नव्या कारखान्याच्या बांधकामावर गवंडी, आणि मंडळी म्हणजे रविवारी शाळेच्या वर्गात जमणारी वीस-पंचवीस ख्रिस्ती घरं. भाकरीला पीठ घेतलंस की पहिली मूठ तू देवाच्या डब्यात टाकायचीस. सगळ्याच बायका टाकायच्या. महिन्याच्या शेवटी ते सगळं एकत्र करायचं आणि ज्या घरात चूल पेटत नसेल तिथे पोचवायचं. घर कोणतं, हे मंडळीच्या वतीनं बायबलबाई ठरवायच्या. घरोघर जाऊन वचन वाचून दाखवणाऱ्या त्या विधवा बाई. त्यांच्याबरोबर पीठ द्यायला तू पदर खोचून निघायचीस, जणू तुझ्याच घरचं लग्न आहे.

मग दादा विषमज्वरानं पडले. रोजावरचा माणूस, काम नाही तर मजुरी नाही. तिसऱ्या आठवड्यात तू धाकटीला आणि मला पेजेवर ठेवलंस आणि स्वतः "मला भूकच न्हाई" म्हणायला लागलीस. नेमक्या तेव्हा बायबलबाई पिशवी घेऊन आल्या. अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दारातून सलाम करतात, तू त्यांना बसायला पाट देतेस.

"घे गं. मंडळीनं ठरवलंय, या महिन्याची मूठ तुझ्याकडं."

"आमच्याकडं हाय की सगळं," तू म्हणतेस. "ज्यांच्याकडं न्हाई त्यांना द्या."

"अगं, पोरींची तोंडं बघ जरा."

"पोरी आत्ताच जेवल्यात, बाई."

माझ्या पोटात कावळे ओरडताहेत आणि माझी आई बायबलबाईंसमोर धडधडीत खोटं बोलतेय! त्या गेल्यावर मी आरडाओरडा केला, तर तू मलाच झापलंस. "आपलं देणारं घर हाय, घेणारं न्हाई."

मग घ्यायचं कोणी, आई? ज्यांच्या दारात तू लगबगीनं जायचीस, त्या बायकांना लाज नव्हती? त्यांनी तुझ्या हातून घ्यायचं आणि तू मात्र कोणाच्याच हातून घ्यायचं नाही. याला सेवा म्हणतात का गं? मला तर हा शुद्ध ताठा वाटतो. तेव्हाही वाटला होता, नुसता शब्द माहीत नव्हता.

म्हणून त्याच दुपारी मी बायबलबाईंकडे गेले आणि म्हटलं, "आईनं पीठ मागितलंय." त्यांनी काही न विचारता पिशवी हातात दिली. तुला येऊन सांगितलं, शेजारच्या काकूंनी उसनं नेलेलं पीठ परत केलं. उसनं परत आलेलं तुला चालायचं ना! तू पिशवीत डोकावलीस.

"येवढं कधी दिलं व्हतं मी?"

"तू विसरलीस," मी म्हटलं.

त्या दिवशी आपण सगळे पोटभर जेवलो. आणि कहर म्हणजे त्या पिठातलीही पहिली मूठ तू देवाच्या डब्यात टाकलीस. मला हसू आवरेना. तुला बरं गंडवलं म्हणून कितीतरी वर्षं मी स्वतःवर खूश होते.

लग्नानंतर मंडळीतल्या एका बाळंतिणीकडे स्वयंपाकाला गेले. तिच्याकडे मुठीचं पीठ आलेलं. परातीत पाणी घातलं आणि माझा हात थांबला. कोणाची ज्वारी, कोणाची बाजरी, कोणाचा गहू, सगळं एकत्र. भाकरी धड थापता येईना, कडा फाटत होत्या. आपल्या त्या शेजारच्या काकूंकडे तर फक्त ज्वारी असायची. म्हणजे पहिल्याच गोळ्याला तुला कळलं असणार. कळलं, आणि तू गप्प बसलीस! एक धपाटा घातला असतास तर मी तिथेच मोकळी झाले असते. पण नाही, तेही तू एकटीनंच पोटात ठेवलंस.

कारण आपण ते पीठ खाल्लं, त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. सगळ्या बायका उठून पुढे गेल्या आणि तू सतरंजीवर बसून राहिलीस. तेव्हा मला वाटलं, दादांचं करून करून थकली असेल. मन साफ नसेल तर त्या भाकरीला हात लावू नये, ही तुझीच शिकवण. एक खोटं तुझं होतं, एक माझं, आणि दोन्हींसाठी उपाशी तू राहिलीस.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? पण लिहायला बसलेच आहे तर कबूल करते. माझं मन अजून साफ नाही, त्या खोट्यामुळेही आणि तुझ्यावरच्या रागामुळेही. तरी दर महिन्याला प्रभुभोजनाला सगळ्यांच्या आधी मीच उठून घ्यायला पुढे जाते.