मोठा श्वास घ्या, काका

चि. वरद,

काका हार्ट अ‍ॅटॅकने गेले असं तुला सांगितलं, कारण तुझी परीक्षा होती. खरं म्हणजे त्यांना स्वाइन फ्लू झाला होता.

गुडघ्यांमुळे ते घराबाहेर पडतच नव्हते. त्या रविवारी तू हॉस्टेलवरून जेवायला आलास तो शिंकतच. तुमच्या मेडिकल कॉलेजात लस फुकट होती, तीही घेतली नव्हतीस. "मावशी, लस पेशंटसाठी असते," म्हणून वर हसलास. मग नेहमीप्रमाणे काकांच्या छातीवर स्टेथोस्कोपचा सराव केलास. "मोठा श्वास घ्या, काका." त्यांनी घेतला, कौतुकाने, तुझ्या तोंडासमोर.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. यंदा लस घे, एवढंच फोनवर सांगेन.

काका शेवटी काय बोलले, असं तू परवा विचारलंस. मी 'काही नाही' म्हटलं. व्हेंटिलेटर लावायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, "वरदची सर्दी बरी झाली का गं?"

आशीर्वाद आहेतच.
सुनीती मावशी