शेरा : मा. गे.

३ नोव्हेंबर, सोमवार
तालुक्याला मीटिंग. आरोग्य अधिकारी निरंजन सरांनी पडद्यावर आलेख दाखवला. वीस वर्षांपूर्वी देशात लाख जिवंत जन्मांमागे अडीचशेवर बायका बाळंतपणात जायच्या, मग एकशेतीस, मग सत्त्याण्णव. रेघ घसरगुंडीसारखी खाली. आमच्या उपकेंद्राचा तीन वर्षांचा आकडा शून्य! सगळ्या सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. मला चौदा तारखेला प्रमाणपत्र मिळणार. फोटोसाठी इस्त्रीची साडी नेसून या म्हणे. जशी काय बावीस वर्षं मी चुरगळलेलीच नेसतेय.

४ नोव्हेंबर
जान्हवीचा फोन. सासरी सातव्या महिन्याची ओटी भरली, पंधराला इकडे येते. पहिलं बाळंतपण आईकडेच असतं, हे लेकीनं मला सांगावं! डिंक आणला.

६ नोव्हेंबर
आशाताई क्षितिजा सकाळीच दारात. घरोघर फिरते, तिला सगळं आधी कळतं. बाजारातल्या किराणावाल्या सुलतानाभाभींची सून शाइस्ता माहेरी वारली. बाळंत होऊन अकरा दिवस. रक्तस्राव. बाळ आहे – मुलगी.

तेवीस वर्षांची पोर. सुई टोचताना हसायची.

चहा दोनदा गरम केला, प्यायचा राहिलाच.

७ नोव्हेंबर
तिच्या माहेरच्या तालुक्याला फोन लावला. तिथली सिस्टर म्हणाली, नोंद तुमच्याकडची, पेशंट तुमची. इकडे निरंजन सर म्हणाले, बाळंतपण तिकडचं, मृत्यू तिकडचा, आपण कशाला अंगावर घ्यायचं, रजनीताई. म्हणजे तिकडे ती आमची, इकडे ती त्यांची. मेली मात्र नक्की.

९ नोव्हेंबर, रविवार
सुलतानाभाभींकडे गेले. दुकान बंद. वाटलं, ओरडतील. त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, तिला तीन सुया सांगितल्या हुत्या नव्हं? तितं कुणीच आलं न्हाई इचारायला. आमाला वाटलं, तुमी कळवलं असंल."

लाज वाटली. अजून वाटतेय.

१० नोव्हेंबर
रजिस्टर काढलं. शाइस्ता अनिस मुलाणी. हिमोग्लोबिन ७.२, भोवती लाल शाईचा गोल. लोहाच्या सुया तीन, दिली एक. पुढे शेरा – मा. गे. अक्षर माझंच, वळणदार. खाली आडवी रेघ.

मा. गे. म्हणजे माहेरी गेली. एवढं लिहिलं की पान बंद. ना फोन, ना चिठ्ठी. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या असंच लिहायच्या. क्षितिजालाही मी हेच शिकवलं. मागची पानं चाळली – तीन वर्षांत चाळीस मा. गे. त्या सगळ्या जिवंत आहेत हे मला कुणी सांगितलं? शून्य म्हणे. डोंबलाचं शून्य!

११ नोव्हेंबर
क्षितिजा आणि मी एकेक नंबर लावतोय. आज एकोणीस लागले, एकोणीसही जणी बोलल्या. एक म्हणाली, पोरगं बालवाडीत जातंय सिस्टर, आत्ता आठवण आली व्हय?

१२ नोव्हेंबर
उरलेल्या वीसही सापडल्या. हुश्श. म्हणजे एकच गेली. सुलतानाभाभींना हे सांगून काय उपयोग.

१३ नोव्हेंबर
माता मृत्यूचा फॉर्म भरला. कारणांखाली माझी चूकही लिहिली, मा. गे. सकट. सर म्हणाले, उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग द्या. मी सही करून त्यांच्या टेबलावर ठेवला. साडी इस्त्रीवाल्याकडेच आहे, राहू दे.

१५ नोव्हेंबर
जान्हवी आली. पाय सुजलेत. चेहराही. डोकं दुखतंय म्हणते. फाइल सासरी विसरली. तिथल्या सिस्टरला फोन करून विचारलं, मागच्या तपासणीला बीपी किती होतं?

ती म्हणाली, "त्यांचं पान बंद केलंय, मॅडम. माहेरी गेल्या ना त्या."